डोंगर आधी, शर्यत नंतर

(पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मुलांच्या खेळाविषयी काही बोलावे, अशी सूचना संयोजकांनी केली, तेव्हा मी मुद्दामच एक दूरदेशीचा खेळ निवडला. इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रिया आणि यॉर्कशायर या भागांत डोंगर चढून-उतरून धावण्याच्या शर्यती होतात. तिकडे त्यांना 'फेल रनिंग' म्हणतात. 'फेल' हा शब्द ऐकला की आपल्याकडे पालकांच्या पोटात गोळा येतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो की, या 'फेल'चा नापास होण्याशी काडीचाही संबंध नाही. हजारएक वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून येऊन या भागात वस्ती केलेल्या लोकांनी डोंगरासाठी असलेला आपला शब्द सोबत आणला, तोच तेथे रुजला. आपण आजच्यापुरते या खेळाला 'डोंगरधाव' म्हणू.

हा खेळ निवडण्याचे कारण असे की, सहा-सात वर्षांच्या बालकापासून सत्तरीच्या वृद्धापर्यंत सारे तेथे धावताना दिसतात. लहान मुलांना अवघड, प्रसंगी धोक्याच्या अशा खेळाकडे कसे न्यावे आणि त्यांना स्पर्धेत कधी व किती उतरवावे, या प्रश्नाचे उत्तर त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून शोधले आहे. आपल्या घराघरांतही आज हाच प्रश्न उभा आहे. खेळाचे नाव निराळे असेल, एवढेच.

गावजत्रेतून आलेला खेळ

कवी वर्ड्‌स्वर्थ आपल्यापैकी अनेकांनी शाळेत अभ्यासला असेल. तो ज्या ग्रासमिअर गावी राहत असे, त्या गावात दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस क्रीडामेळा भरतो. कुस्ती असते, शिकारी कुत्र्यांच्या शर्यती असतात आणि या सर्वांच्या मध्यभागी असते 'गाइड्स रेस', म्हणजे वाटाड्यांची शर्यत. पर्यटकांना डोंगर दाखवणारे स्थानिक वाटाडे आपापसांत पैजा लावून धावत, त्यातून हे नाव आले. १८६८ पासूनचा या शर्यतीचा इतिहास सांगितला जातो. मैदानातून सुटायचे, समोरचा कडा चढून निशाणाला वळसा घालायचा आणि तसेच धडाधड खाली उतरायचे. उत्तम धावपटूचा हा सारा खेळ बारा-तेरा मिनिटांत आटोपतो. मैदानात बसलेल्या आजी-आजोबांना आरंभापासून अखेरपर्यंत प्रत्येक धावपटू डोळ्यांनी दिसत राहतो.

याच मेळ्यात मुलांच्याही शर्यती होतात. डोंगर तोच, गर्दी तीच, टाळ्याही त्याच. फक्त मुलांचे निशाण खालच्या टप्प्यावर रोवलेले असते. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. तेथील वडीलधाऱ्यांनी मुलांना 'तुम्ही लहान, घरी बसा' असे म्हटले नाही आणि 'चला, आमच्याबरोबर शिखर गाठा' असेही म्हटले नाही. त्यांनी निशाण खाली आणले. मुलाला शर्यतीच्या मापाचे करण्यापेक्षा शर्यत मुलाच्या मापाची केली. आज मला जे सांगायचे आहे, ते सारे या एका कृतीत सामावले आहे.

लगाम नियमांतच हवा

या खेळाचे मोठेपण उंचीत नाही. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर स्कॉफेल पाइक अवघे ९७८ मीटरचे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. पण तेथील डोंगर फसवे. घटकेत ऊन, घटकेत धुके, वारा आणि हाडे गोठवणारा पाऊस. धुक्यात वाट चुकलेला, घामाने भिजलेला आणि दमून थांबलेला धावपटू पाहता पाहता गारठतो. या खेळात माणसे दगावली आहेत आणि त्या प्रत्येक दुःखातून तेथील लोकांनी काही ना काही धडा घेतला आहे.

१९७० साली 'फेल रनर्स असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. तिच्या व्यवस्थेकडे पाहा. प्रत्येक शर्यतीची चढणीनुसार आणि लांबीनुसार वर्गवारी असते. दर किलोमीटरला सरासरी ५० मीटर किंवा त्याहून अधिक चढ असेल, तर ती सर्वांत कठीण 'ए' वर्गातली. वीस किलोमीटरपेक्षा अधिक असेल, तर ती लांब पल्ल्याची. मोठ्या शर्यतीत पावसाळी कपडे, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि थोडे खाणे जवळ बाळगावे लागते. ते नसेल तर कितीही नामांकित धावपटू असला, तरी त्याला सुरुवातीच्या रेषेवरूनच परत पाठवता येते.

मुलांसाठी याहून कडक विचार केलेला आहे. वयोगटानुसार अंतराची कमाल मर्यादा ठरलेली असते. धाकट्यांच्या शर्यती अगदी थोडक्यात संपतात आणि वय वाढेल तसे अंतर हळूहळू वाढते. १८ वर्षांखालील मुलाला मोठ्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरताच येत नाही, मग त्याची तयारी कितीही असो आणि त्याच्या वडिलांचा आग्रह कितीही असो. मुलांचा मार्ग खुणांनी आखलेला असतो, वळणावळणावर माणसे उभी असतात. किती मुले निघाली आणि किती परतली, याची मोजदाद होते. मध्येच थांबलेल्याने अंतिम रेषेवर येऊन 'मी थांबलो आहे' अशी नोंद करणे बंधनकारक असते. ही नोंद न करता कोणी परस्पर घरी गेला, तर त्याच्या शोधासाठी भर पावसात दहा माणसांना डोंगर पालथा घालावा लागतो.

यातले मर्म लक्षात घ्या. माघार घेणे हा तेथे गुन्हा नाही. माघार लपवणे हा गुन्हा आहे. सात-आठ वर्षांचे मूल हे शिकते, तेव्हा ते धावण्यापलीकडचे काही शिकते. आपल्या थांबण्याची जबाबदारीही आपलीच असते, हा संस्कार पाठ्यपुस्तकातून होत नाही.

वाढत्या हाडांचे शास्त्र

कोणी म्हणेल, मुले तर जन्मजात काटक असतात. त्यांना कशाला एवढे जपायचे? मुले काटक असतात हे खरे, पण ती म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाड तेथूनच वाढते आणि ताणाला तेथेच कमकुवतही असते. मुलींमध्ये साधारण अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलांमध्ये तेरा-चौदाव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते. हाडे पुढे धावतात, स्नायू मागे राहतात आणि स्नायूंचा ताण नेमका या मऊ जागांवर येतो. म्हणूनच या वयातील धावणाऱ्या मुलांची टाच दुखते किंवा गुडघ्याखाली नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा येतो. डॉक्टरांच्या भाषेत पहिल्याला 'सिव्हर' आणि दुसऱ्याला 'ऑसगुड-श्लॅटर' अशी नावे आहेत. धावणे कमी केले आणि थोडी विश्रांती दिली, तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. मात्र 'दुखणे सोसल्याशिवाय खेळाडू घडत नाही' असे म्हणून मुलाला पळवत ठेवले, तर साधे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते.

डोंगरधावेत ही काळजी दुप्पट हवी, कारण इजा चढताना फारशी होत नाही. ती उतरताना होते. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा भार रोखून धरावा लागतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणल्या अवस्थेत काम करावे लागते. मात्र उतरण्याचे कौशल्य लहानपणीच उत्तम येते, हेही तितकेच खरे. पाऊल कोठे टाकावे, दगड हलता आहे की स्थिर, गवताखाली ओल आहे की खड्डा, हे डोळे आणि पाय परस्पर ठरवू लागतात. म्हणून उत्तर 'उतरू नका' असे नाही. उत्तर आहे, थोडे उतरा, मऊ जमिनीवर उतरा आणि खेळत उतरा.

मुलींच्या मातांना आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. 'वजन कमी, तर वेग जास्त' या भ्रामक समजुतीने धावणाऱ्या मुली पोटाला चिमटा घेतात. शरीराला पुरेसे अन्न न मिळाल्यास मासिक पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेविषयी सावध केले आहे. खेळामुळे पाळी बंद होणे हे कष्टाचे चिन्ह मानू नका. ती धोक्याची घंटा आहे. त्याच समितीच्या २०१५ च्या निवेदनाने मुलांना फार लवकर एकाच खेळाला जुंपू नये, अनेक खेळ खेळू द्यावेत, असे सांगितले. यॉर्कशायरच्या टेकड्यांवर मुलांच्या शर्यती धावलेला अ‍ॅलिस्टर ब्राउनली पोहत होता, सायकलही चालवत होता. पुढे त्याने २०१२ आणि २०१६ अशी सलग दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली, ती ट्रायथलॉनमध्ये.

कोण कधी पोहोचला?

आता पालकांच्या मनातल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. लवकर सुरुवात केली नाही, तर आमचे मूल मागे पडणार नाही का?

वॉस्डेल खोऱ्यातील जॉस नेलर या मेंढपाळाचे उदाहरण घ्या. जन्म १९३६ चा. लहानपणी पाठीला दुखापत झाली. लष्करी सेवेसाठी तो अपात्र ठरला. पुढे मणक्याची शस्त्रक्रिया झाली. १९६० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याच्या खोऱ्यात एक डोंगरी शर्यत आली, तेव्हा कामाचे बूट आणि गुडघ्यापाशी कापलेली विजार अशा वेषात तो प्रथम धावला. १९७५ साली त्याच माणसाने चोवीस तासांच्या आत ७२ शिखरे पार केली. १९८६ साली लेक डिस्ट्रिक्टमधील २१४ शिखरे त्याने सात दिवस आणि थोड्या वेळात पादाक्रांत केली आणि २००६ साली, सत्तराव्या वर्षी, सत्तर शिखरे. जून २०२४ मध्ये ८८ व्या वर्षी तो निवर्तला. त्याने लहानपणी शर्यती धावल्या नव्हत्या. पण तो मेंढरांमागे डोंगर चढला होता. डोंगर आधी आला, शर्यत नंतर.

जास्मिन पॅरिस ही पशुवैद्यक महिला पंचविशीच्या सुमारास या खेळात आली. २०१९ साली २६८ मैलांची 'स्पाइन रेस' तिने स्त्री-पुरुष सर्वांना मागे टाकून जिंकली. त्या वेळी तिचे मूल अंगावर पीत होते आणि विश्रांतीच्या ठिकाणी ती त्याच्यासाठी दूध काढून ठेवत होती. तिचे मातृत्व आणि तिचा पराक्रम एकमेकांच्या आड आले नाहीत.

लहानपणापासून शर्यती धावून मोठे झालेलेही आहेतच. थ्रेलकेल्ड गावचा माळी केनी स्टुअर्ट किशोरवयात गावोगावच्या मेळ्यांत धावत असे. १९८४ साली बेन नेव्हिस या ब्रिटनमधील सर्वोच्च पर्वताची शर्यत त्याने १ तास २५ मिनिटे ३४ सेकंदांत पूर्ण केली. तो विक्रम चाळीस वर्षांनंतरही अबाधित होता. मात्र त्याच्या कथेला एक कडवट बाजू आहे. गावच्या मेळ्यात थोडेसे रोख बक्षीस घेतले की तो मुलगा 'व्यावसायिक' ठरे आणि हौशी खेळाडूंच्या संघटनेची दारे त्याला बंद होत. स्टुअर्टलाही हौशी म्हणून पुन्हा मान्यता मिळवावी लागली. मोठ्यांच्या भांडणाची किंमत मुलांनी मोजली. पुढे हा भेद मिटला, हे त्या समाजाचे शहाणपण.

आपल्याकडेही पाहा. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी शाळेत जाण्यासाठी रोज काही किलोमीटर चालत-धावत असे. स्पर्धात्मक धावण्याकडे तो वळला सैन्यात गेल्यावर, विशीनंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवले. त्याच्याही बाबतीत पाय आधी घडले, घड्याळ नंतर आले.

याउलट एक आठवण आपल्या सर्वांच्या स्मरणात असेल. मे २००६ मध्ये ओडिशातील बुधिया सिंह हा चार वर्षांचा बालक पुरीहून भुवनेश्वरकडे सुमारे ६५ किलोमीटर धावला. सात तास. भर उन्हाळ्यात. देशभर त्याचे कौतुक झाले. त्यानंतर राज्य शासनाने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली आणि पुढे तो शासकीय क्रीडा वसतिगृहात वाढला. ज्याच्याकडून आपण ऑलिम्पिक मॅरेथॉनची अपेक्षा केली, तो मोठेपणी त्या मार्गावर दिसला नाही. यात त्या बालकाचा तिळमात्र दोष नाही. प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या हातांचा आहे. चार वर्षांच्या मुलासमोर निशाण खाली आणण्याऐवजी आपण ते क्षितिजावर रोवले.

स्पर्धा नकोच का?

मी स्पर्धेच्या विरोधात आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. दोन मुले एका झाडापाशी उभी करा, 'त्या दगडापर्यंत' एवढेच म्हणा, ती धावत सुटतील. चढाओढ ही मुलाची स्वाभाविक वृत्ती आहे. तिला पुसून टाकणे शक्य नाही आणि इष्टही नाही. हरणे पचवायला शिकणे हेही वाढण्याचेच अंग आहे. प्रश्न एवढाच की, ही चढाओढ मुलांची आहे की पालकांची.

नॉर्वेने याचा विचार कायद्यासारख्या काटेकोरपणे केला. तेथील क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळाविषयी नियमावली स्वीकारली आणि २००७ साली ती सुधारली. मूल अकरा वर्षांचे होण्याआधी निकालांची यादी आणि क्रमवारी लावायची नाही, तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उतरवायचे नाही, असे तिने ठरवले. यामुळे नॉर्वे मागे पडला का? अवघ्या पन्नास-पंचावन्न लाख लोकसंख्येच्या या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३९ पदके मिळवून सर्वांना मागे टाकले. केवळ या नियमामुळे पदके मिळाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण उशिरा मोजमाप सुरू केल्याने नुकसान होत नाही, एवढे तरी यातून दिसते.

आपल्याकडे शर्यत संपवून आलेल्या मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो, 'कितवा आलास?' पाण्याचा पेला त्यानंतर पुढे येतो. हा क्रम उलटा झाला, तरी पुष्कळ काम होईल. आधी पाणी द्या, मग विचारा, 'वर काय दिसले?' मूल सांगेल. वाऱ्याचे सांगेल, घसरून पडल्याचे सांगेल, पुढे गेलेल्या मित्राचे सांगेल. आपला क्रमांकही सांगेल, पण तो सगळ्यांत शेवटी.

आपल्या टेकडीवर

महाराष्ट्रात डोंगरांची वाण नाही. पुण्याला वेताळ टेकडी आहे, साताऱ्याला अजिंक्यतारा आणि यवतेश्वर, नाशिकला पांडवलेणी. साताऱ्यात २०१२ पासून डोंगराळ रस्त्यावरची अर्धमॅरेथॉन होते आणि सह्याद्रीत डोंगरी शर्यतींची संख्या वाढते आहे. मुलांच्या वेगळ्या शर्यती भरवण्याची मागणीही वाढत जाईल. इंग्लंडच्या नियमांची नक्कल आपल्याला उपयोगाची नाही, कारण तेथला शत्रू गारठा आहे आणि आपल्याकडचा ऊन. त्यांच्या डोंगरावर गवत आणि दलदल, तर आपल्याकडे घसारा, पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि गडांवर आग्यामोहोळ. नियम आपल्या मातीतून उगवले पाहिजेत. त्यामागची दृष्टी मात्र घेण्यासारखी आहे.

म्हणून पालकांना काही साध्या सूचना करतो. आठ वर्षांपर्यंत घड्याळ घरी ठेवा. आठवड्यातून एकदा सकाळी लवकर मुलांना टेकडीवर न्या, चढू द्या, उतरू द्या, मध्ये बसू द्या. मूल स्वतःहून चालू लागले, तर चालू द्या. तीव्र चढावर जगातले उत्तम डोंगरधावपटूही चालतात. नऊ ते अकरा या वयात एखादी छोटी, ओळखीच्या वाटेवरची शर्यत असावी आणि वर्षातून फार तर दोन-तीनदा. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात अंतर वाढवू नका; टाच किंवा गुडघा दुखतो म्हटल्यावर ते बहाणा समजू नका, विश्रांती द्या. पंधराव्या वर्षानंतर मुलाची स्वतःची ओढ दिसली, तर जाणकार प्रशिक्षकाकडे द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, तुम्ही स्वतः सोबत चढा. कंब्रियातील मुले डोंगरावर दिसतात, कारण त्यांचे आईवडील आणि आजोबा डोंगरावर दिसतात.

शर्यत भरवणाऱ्यांना तीन प्रश्न विचारण्याचा संकोच बाळगू नका. माझ्या मुलाच्या वयासाठी अंतर किती ठरवले आहे आणि कोणत्या आधारावर? वाटेवर माणसे कोठे कोठे उभी असतील? शेवटचे मूल खाली आल्याची खात्री कोण करणार? या तिन्हींची स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत, तर शुल्क भरले असले तरी मुलाला घरी घेऊन जा. रंगीत प्रमाणपत्र आणि गळ्यातले पदक यांची भरपाई होऊ शकते. मुलाच्या गुडघ्याची होत नाही.

आपल्या मुलांपैकी फार थोडी विजेती होतील. हे सत्य कटू वाटले तरी मान्य केले पाहिजे. पण त्यांपैकी प्रत्येक मूल साठाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी गड चढू शकणारा नागरिक होऊ शकते आणि समाजाच्या दृष्टीने मला ही मिळकत मोठी वाटते. दहाव्या वर्षी पदक मिळवून पंधराव्या वर्षी खेळाचे नाव काढताच तोंड फिरवणारी मुले आपण पुष्कळ पाहतो. त्यांना खेळ नकोसा झालेला नसतो. त्यांना आपल्या अपेक्षांचे ओझे नकोसे झालेले असते.

येत्या रविवारी टेकडीवर जा. निशाण कोठे रोवायचे, ते मुलाकडे पाहून ठरवा. पुढे ते कोठवर न्यायचे, हे ते मूलच तुम्हाला सांगेल.